अकरा कोटी यंत्रं आणि पुठ्ठ्याचं खोकं

११ कोटी ८६ लाख ९० हजार. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘गेम बॉय’ आणि पुढचा रंगीत ‘गेम बॉय कलर’ मिळून एवढी यंत्रं विकली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ भरली होती. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत प्रत्येकाच्या हातात एकेक यंत्र ठेवलं असतं तरी ६३ लाख उरले असते. त्यातून सगळ्या गोव्याला वाटले असते तरी ४८ लाख शिल्लक. एका यंत्राची उंची सरासरी १३ सेंटिमीटर धरली आणि ती एकापुढे एक मांडत गेलं, तर रांग १५ हजार किलोमीटरच्या पुढे जाते. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर आहे.

कॅसेटींचा हिशेब आणखी मोठा आहे. या दोन यंत्रांसाठी ५० कोटी ११ लाख कॅसेटी विकल्या गेल्या. एक कॅसेट साधारण पाऊण सेंटिमीटर जाड. एकावर एक रचल्या तर चळत पावणेचार हजार किलोमीटर उंच होईल. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवरून फिरतं. ही चळत त्याच्या नऊपट वर निघून जाईल.

एवढं अफाट उत्पादन झालेली वस्तू दुर्मीळ कशी असू शकते? संग्राहकांच्या जगात मला सर्वांत जास्त ओढून नेणारा प्रश्न हाच आहे. उत्तर यंत्रात सापडत नाही, ते भोवतालच्या गोष्टींत सापडतं. गेम बॉय भक्कम होता, तो टिकला. टिकलं नाही ते पुठ्ठ्याचं खोकं, आतला साचा, घडीची माहितीपुस्तिका, पारदर्शक पिशवी, जाहिरातीचं चिटोरं. पोराने खोकं फाडलं, यंत्र बाहेर काढलं, आईने खोकं दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकलं. कोट्यवधी घरांत हेच झालं. म्हणून आज नुसत्या यंत्राला संग्राहक ‘लूज’ म्हणतात, खोकं-पुस्तिका जागेवर असेल तर ‘कम्प्लीट’, आणि कधी उघडलंच नसेल तर ‘सील्ड’. एकाच वस्तूच्या या तीन अवस्थांमध्ये किमतीची जी दरी आहे, ती बहुतांशी रद्दीने तयार केलेली आहे. फेकण्यासाठी बनवलेली गोष्ट जपली गेली, की तिचं मोल जपण्यासाठी बनवलेल्या गोष्टीपेक्षा वाढतं.

या कहाणीचं मूळ गुनपेई योकोई यांच्याकडे जातं. १९६५ मध्ये ते क्योटोच्या निन्टेन्डोत नोकरीला लागले तेव्हा ती मुख्यतः पत्ते बनवणारी कंपनी होती. १८८९ मध्ये हानाफुदा नावाचे फुलापानांचे जपानी पत्ते बनवण्यासाठीच तिची स्थापना झाली होती. योकोईंचं काम होतं पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. फावल्या वेळात त्यांनी लांब होऊन वस्तू पकडणारा एक कैचीसारखा हात बनवला. कंपनीच्या प्रमुखांनी तो पाहिला आणि १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ नावाने बाजारात आणला. दहा लाखांहून अधिक खपला.

पुढे एकदा बुलेट ट्रेनमध्ये त्यांना एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो वेळ घालवायला खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी कॅल्क्युलेटर इतके बनवले होते, की त्यांचे एलसीडी पडदे आणि चिप अगदी स्वस्त झाल्या होत्या. त्या स्वस्त मालातून खेळ बनवावा, हे योकोईंना सुचलं. जुनं झालेलं, सगळ्या खोडी माहीत असलेलं तंत्रज्ञान नव्या कामाला जुंपायचं, ही त्यांची आयुष्यभराची पद्धत. २८ एप्रिल १९८० रोजी ‘गेम अँड वॉच’ मालिकेतला पहिला खेळ ‘बॉल’ आला. एका यंत्रात एकच खेळ आणि कोपऱ्यात घड्याळ. ही मालिका १९९१ पर्यंत चालली आणि जगभरात ४ कोटी ३४ लाख यंत्रं विकली गेली. १९८२ च्या ‘डाँकी काँग’साठी योकोईंनी अंगठ्याने चारही दिशांना दाबता येणारं अधिकचिन्हाच्या आकाराचं बटण बनवलं. आजही जवळपास प्रत्येक गेमच्या कंट्रोलरवर अंगठ्याखाली त्याचंच कुठलं तरी रूप असतं.

‘गेम अँड वॉच’ मालिकेत एकूण ६० खेळ मोजले जातात, पण दुकानात मिळाले फक्त ५९. साठावा १९८७ मध्ये जपानमधल्या एका कार-शर्यतीच्या गेमस्पर्धेतल्या विजेत्यांना बक्षीस म्हणून दिला गेला: पिवळ्या रंगाचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, तोही एका पिवळ्या बाहुल्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या डबीत. बनले १०,०००. विकल्या गेलेल्या यंत्रांशी ताडून पाहिलं तर साधारण ४,३४० मागे एक. पूर्ण साठ जमवायचे म्हणणाऱ्याची वाट या एकापाशी येऊन थांबते. डबी नसलेलं पिवळं यंत्र एक वेळ मिळतं. डबीसकट, ओरखडा नसलेलं मिळवायला लोकांची वर्षं जातात.

गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये आला, किंमत १२,५०० येन. पहिली तीन लाख यंत्रं दोन आठवड्यांत संपली. जुलैअखेर अमेरिकेत आला तो सुमारे ९० डॉलरला, तेव्हाच्या दराने आपल्याकडच्या दीड हजार रुपयांच्या आसपास. पहिल्याच दिवशी ४० हजार गेले.

आणि एवढ्या खपाच्या या यंत्राच्या आत होतं काय? पडदा आडवा १६० आणि उभा १४४ ठिपक्यांचा, म्हणजे एकूण २३,०४० ठिपके. रंग नाहीत, हिरवट रंगाच्या चार छटा. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे मुलं खिडकीशी नाहीतर दिव्याखाली सरकून बसायची. कामाची मेमरी ८ किलोबाइट. अमेरिकेत यंत्रासोबत दिलेली ‘टेट्रिस’ची कॅसेट ३२ किलोबाइटची, ती एकूण साडेतीन कोटींच्या घरात खपली. ३२ किलोबाइट म्हणजे किती, हे सांगायला हाच लेख पुरेसा आहे. संगणकात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट घेते. हा लेख साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवला, तर तो आख्ख्या टेट्रिसपेक्षा जास्त जागा घेतो. पडणारे ठोकळे, ते फिरवण्याचे नियम, गुणांची मोजणी, चित्रं, संगीत, दोन यंत्रं तारेने जोडून दोघांनी खेळण्याची सोय, सगळं या लेखापेक्षा कमी जागेत मावलं होतं.

त्या २३,०४० ठिपक्यांचा एक वेगळा हिशेब करून बघण्यासारखा आहे. प्रत्येक ठिपका चारपैकी एका छटेत असू शकतो. मग या पडद्यावर एकूण किती वेगवेगळी चित्रं दिसू शकतात? चार गुणिले चार गुणिले चार, असं २३,०४० वेळा. उत्तर येतं १३,८७२ अंकी. सेकंदाला एक अंक या वेगाने ती संख्या मोठ्याने वाचायला घेतली, तर पावणेचार तासांत ती संपत नाही. त्या मानाने गेम बॉयवर निघालेल्या साऱ्या खेळांनी मिळून त्या शक्यतांच्या कोपऱ्यालाही हात लावलेला नाही.

त्याच सुमारास रंगीत पडद्याची यंत्रंही होती. १९८९ मध्येच अटारीचं ‘लिंक्स’ आलं, १९९० मध्ये सेगाचं ‘गेम गियर’. दोन्हींचे पडदे उजळ आणि रंगीत. पण गेम गियरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉयला चार सेल, आणि ते सुमारे पंधरा तास पुरायचे. शंभर तास खेळायचं ठरवलं, तर गेम बॉयला २८ सेल आणि गेम गियरला दीडशेच्या आसपास. खिसा आईवडिलांचा असतो, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो. गेम गियर एक कोटीच्या थोडं पुढे जाऊन थांबला. संग्राहकांच्या कपाटातही हा फरक दिसतो: जुना गेम बॉय सेल घातले की बहुधा चालू होतो, तर गेम गियरच्या आतले कपॅसिटर गळून आवाज बसतो, पडदा अंधारतो. आज चालू असलेला गेम गियर दिसला, की त्याचे कपॅसिटर कुणीतरी एकेक करून बदललेले असण्याचीच शक्यता जास्त.

आता दोन गेम बॉयची गोष्ट. पहिला आखाती युद्धात एका अमेरिकी सैनिकाजवळ होता. आगीत त्याचा समोरचा भाग वितळला. बटणं काळी पडली, प्लास्टिकला फोड आले, पण वीजपुरवठा जोडताच टेट्रिस सुरू झालं. न्यूयॉर्कमधल्या निन्टेन्डोच्या दुकानात तो वर्षानुवर्षं काचेआड चालू स्थितीत ठेवलेला होता. २०२३ मध्ये तो कंपनीच्या अमेरिकेतल्या मुख्यालयात परत गेला.

दुसरा गेम बॉय रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह यांचा. १९९३ मध्ये ते ‘मीर’ अवकाशस्थानकावर गेले, तेव्हा सोबत गेम बॉय आणि टेट्रिस होतं. १९६ दिवस तो वर राहिला आणि पृथ्वीभोवती ३,००० हून जास्त फेऱ्या मारून खाली आला. त्या उंचीवरची एक फेरी ४२ हजार किलोमीटरहून मोठी असते. गुणाकार केला तर साडेबारा कोटी किलोमीटर होतात. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे हे हाताएवढं राखाडी यंत्र सूर्याच्या वाटेचा पाचांतला चार भाग चालून आलं. २०११ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात त्याला मिळाले १,२२० डॉलर, तेव्हाचे साधारण ५५ हजार रुपये.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतो. जुलै २०२१ मध्ये हेरिटेज या अमेरिकी लिलावघरात ‘सुपर मारिओ ६४’ची न उघडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, म्हणजे साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास. ती टीव्हीला जोडायच्या यंत्राची, पण त्या विक्रीचा धक्का हातातल्या यंत्रांच्या बाजारालाही बसला. ‘सुपर मारिओ ६४’ ही जगात कोटीच्या वर खपलेली कॅसेट. खेळ म्हणून तिच्यात दुर्मीळ काही नाही. किंमत होती ती प्लास्टिकच्या वेष्टनाची आणि तज्ज्ञांनी दिलेल्या दहापैकी ९.८ या गुणांची. असा माल कडक पारदर्शक पेटीत कायमचा बंद केला जातो. तो कधीच खेळला जाणार नाही, ही त्याच्या किमतीची अटच असते. एका बाजूला साडेबारा कोटी किलोमीटर, दुसऱ्या बाजूला एकही क्षण न खेळलेलं खोकं, आणि दुसऱ्याला पहिल्याच्या बाराशेपटींहून जास्त किंमत. मला यातला पहिला हवा. वस्तूचं मोल तिच्या अंगावर जे घडलं त्यात आहे, असं मी मानतो, आणि या छंदातली बरीच जाणती माणसंही तसंच मानतात. ती ओरखडे असलेली यंत्रं मुद्दाम घेतात, मागे स्केचपेनने कुणाचं तरी नाव लिहिलेलं असेल तर ते पुसत नाहीत.

जपानमध्ये अशी यंत्रं आजही ढिगाने बघायला मिळतात. टोकियोच्या अकिहाबारा भागातलं ‘सुपर पोटॅटो’ हे दुकान जुन्या खेळांसाठी जगभर माहीत आहे. ‘हार्ड ऑफ’ या साखळी दुकानांत तर ‘जंक’ नावाचा एक कोपराच असतो: प्लास्टिकच्या पेट्यांत न तपासलेली, हमी नसलेली यंत्रं, सुट्या तारा, सेलचं झाकण हरवलेले गेम बॉय. लोक तिथे तासन्‌तास गुडघ्यावर बसून उपसत असतात. २ ऑक्टोबर २०२४ रोजी क्योटोजवळच्या उजी शहरात निन्टेन्डोने स्वतःचं संग्रहालय उघडलं. इमारत जुन्या कारखान्याची. तिथे एके काळी पत्ते बनत आणि नंतर बिघडलेली यंत्रं दुरुस्तीला येत. तिकिटासाठी सोडत लागते.

संग्रहाच्या या जगाला खरं वेड लावलं ते पोकेमॉनने. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉयसाठी ‘लाल’ आणि ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्या आल्या. त्या बनवणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे आणि तीच ओढ त्यांनी खेळात आणली. दोन्ही आवृत्त्यांत काही प्राणी वेगळे ठेवले होते, म्हणजे सगळे जमवायचे तर मित्राच्या यंत्राला तार जोडून देवघेव करणं भागच. सगळं काम संपल्यावर, चाचणीसाठी घातलेला भाग काढून टाकल्यावर कॅसेटमध्ये सुमारे ३०० बाइट मोकळे राहिले. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरने त्या जागेत ‘म्यू’ नावाचा १५१ वा प्राणी गुपचूप बसवला. ३०० बाइटमध्ये मराठीची शंभर अक्षरचिन्हं मावतात, म्हणजे हे वाक्य नीट संपवायलाही जागा पुरणार नाही, आणि त्यात एक आख्खा प्राणी राहिला. पुढे ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकाने जाहीर केलं, की निवडक वाचकांना म्यू मिळेल. २० जागांसाठी ७८ हजार अर्ज आले.

लाल, हिरवी आणि नंतरची निळी आवृत्ती मिळून ३ कोटी १३ लाख प्रती खपल्या. ऑक्टोबर १९९६ मध्ये पोकेमॉनचे पत्ते आले, आणि तिथून आकडे हाताबाहेर गेले. मार्च २०२४ पर्यंत जगभरात छापलेल्या पोकेमॉन पत्त्यांची संख्या होती ६,४८० कोटी. आज पृथ्वीवर आहेत त्या प्रत्येक माणसाला जवळजवळ आठ. एक पत्ता ८८ मिलिमीटर लांब असतो. सगळे एकापुढे एक ठेवले तर ५७ लाख किलोमीटर होतात. चंद्रापर्यंत सात वेळा जाऊन सात वेळा परत येता येईल आणि तरी बरेच हातात उरतील.

याच ढिगात एक पत्ता असा आहे, जो ‘कोरोकोरो’च्या १९९७-९८ मधल्या चित्रकला स्पर्धांतल्या विजेत्यांना दिला गेला. नोंद आहे ३९ पत्त्यांची. हातात कुंचला धरलेला पिकाचू त्यावर आहे. त्यातला एक, पूर्ण दहा गुण मिळालेला, २०२१ मध्ये ५२ लाख ७५ हजार डॉलरच्या व्यवहारात गेला. रुपयांत ३९ कोटींच्या आसपास. पत्त्याचं वजन दोन ग्रॅमच्या आत असतं. तेवढं सोनं त्या वर्षी दहा हजार रुपयांच्या आत आलं असतं.

पैशाच्या पलीकडचं वेडही मोजलं गेलंय. गिनेसच्या २०१६ च्या नोंदीनुसार पोकेमॉनच्या वस्तूंचा सर्वांत मोठा संग्रह एका ब्रिटिश महिलेचा होता, १७,१२७ नगांचा. प्रत्येक वस्तूकडे एकच मिनिट बघायचं ठरवलं, तर रात्रंदिवस न झोपता बारा दिवस लागतील. हे आकडे वाचताना मला त्यामागची शिस्त जाणवते: नोंदवही, डबे, लेबलं, ओलाव्यापासून जपणूक. हे सांभाळणं हाही एक पूर्ण वेळचा उद्योग आहे.

महाराष्ट्रात अस्सल गेम बॉय फार कमी घरांत पोचला. आला तो बहुधा आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून. आपल्या पिढीच्या हाती पडला तो चिनी बनावटीचा ‘ब्रिक गेम’, खोक्यावर ठळक ‘९९९९ इन वन’ लिहिलेला. मुंबईत मनीष मार्केटला, पुण्यात तुळशीबागेत, गावच्या जत्रेत खेळण्यांच्या पालावर तो टांगलेला असायचा. आत टेट्रिस, साप, गाड्यांची शर्यत, रणगाडे असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके खेळ. त्यांचेच वेग आणि पातळ्या बदलून आकडा ९,९९९ पर्यंत ताणलेला. पडद्यावर २० ओळी आणि १० रकाने, म्हणजे २०० चौकोन. चौकोन एक तर काळा, नाहीतर कोरा. पण २०० चौकोनांच्या या गरीब पडद्यावरही जेवढी चित्रं उमटू शकतात, तो आकडा ६१ अंकी आहे. आख्ख्या पृथ्वीत जेवढे अणू आहेत त्यांची संख्या ५१ अंकी धरतात. प्रत्येक अणूला एकेक चित्र दिलं, तर हजार कोटींहून जास्त पृथ्व्या लागतील.

आणि या ब्रिक गेमचा आपल्याकडे संग्रह जवळपास कुणी करत नाही. पोकेमॉनच्या ‘टॅझो’ नावाच्या चकत्या चिप्सच्या पाकिटांतून जमवलेले लोक आजही डबा उघडून दाखवतात, पण ब्रिक गेम भंगारात गेला. पुण्याच्या जुन्या बाजारात तो अधूनमधून दिसतो, सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरी बुरशी धरलेला. ती बुरशी म्हणजे सेलमधून गळलेलं रसायन. अल्कलाइन सेलची असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन घासली की निघते, मग खालची पत्र्याची पट्टी चकचकीत दिसू लागते. बऱ्याचदा यंत्र तेवढ्यावर चालू होतं. ज्यांना हा छंद सुरू करायचाय, त्यांनी अकिहाबाराच्या आधी इथून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. हे आपलं आहे, स्वस्त आहे, आणि दहा वर्षांनी मिळणार नाही.

हातातल्या जुन्या यंत्रांचं दुखणंही जवळून बघण्यासारखं आहे. जुन्या गेम बॉयच्या पडद्यावर उभ्या ओळी गायब होणं हा नेहमीचा बिघाड. मागचे स्क्रू साधे नसतात, तीन पात्यांच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. पुढचा भाग सुटा केला, की पडद्याच्या खालच्या कडेला रबराच्या पट्टीआड एक पातळ रिबन दिसते. तिचा सांधा वर्षानुवर्षांत सुटत जातो. सोल्डरिंगचं गरम टोक त्या सांध्यावरून हळू सरकवत न्यायची आणि यंत्र चालूच ठेवायचं. टोक पुढे सरकतं तशी पडद्यावरची एकेक हरवलेली ओळ परत येते.

कॅसेटीचं दुखणं जास्त गंभीर. पोकेमॉनसारख्या खेळांत तुमची प्रगती ३२ किलोबाइटच्या एका चिपमध्ये राहते, आणि वीज गेली की ती चिप सगळं विसरते. म्हणून आत एक बटण सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलेला असतो. यंत्र कपाटात पडून असलं तरी तो सेल थेंबाथेंबाने खर्च होत राहतो. लाल, हिरव्या, निळ्याचे मिळून ३ कोटी १३ लाख सेल १९९६ पासून असे संपत आलेत. सेल मेला, की कुणाचा तरी दहाव्या वर्षी पाळलेला, शंभराव्या पातळीला नेलेला प्राणी पुसला जातो. सेल बदलता येतो, पण बदलण्याआधी आतलं उतरवून घेतलं नाही तर ते तिथेच संपतं.

नवं विकत घेऊ म्हटलं तरी पर्याय तोकडे आहेत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा गेम बॉय परिवाराच्या खेळांपैकी अवघे ५.८७ टक्के अधिकृतपणे विकत मिळत होते. शंभरातले चौऱ्याण्णव फक्त जुन्या कॅसेटीत उरले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने ‘थ्रीडीएस’ या आपल्या नंतरच्या हातातल्या यंत्राचं ऑनलाइन दुकान बंद केलं, आणि तिथे मिळणारे जुने खेळही गेले. नव्या यंत्रांतलं ‘अॅनालॉग पॉकेट’ मला आवडतं, कारण ते जुनी कॅसेट घेतं. त्याचा पडदा १६०० बाय १४४० ठिपक्यांचा, गेम बॉयच्या एका ठिपक्याच्या जागी नेमके शंभर. लेगोने २०२५ मध्ये ४२१ तुकड्यांचा गेम बॉय काढला, तो शोभेचा, खेळायचा नाही. शेल्फवर छान दिसतो, पण त्याने एकही खेळ वाचत नाही.

वाचवण्याचं काम कॅसेटीपाशीच करावं लागतं. त्यासाठी यूएसबीला जोडायचं छोटं उपकरण मिळतं: कॅसेट खोचायची, आतली प्रगती संगणकावर उतरवायची, मग निर्धास्त सेल बदलायचा आणि उतरवलेलं परत भरायचं. एका कॅसेटीचं ३२ किलोबाइट. त्या तिन्ही आवृत्त्यांच्या साऱ्या ३ कोटी १३ लाख कॅसेटींतल्या प्रगती एकत्र केल्या तरी टेराबाइटभरच जागा लागते. खिशात मावणाऱ्या दोन टेराबाइटच्या ड्राइव्हचा निम्मा भाग रिकामा राहील. एकट्या माणसाने दर मिनिटाला एक कॅसेट या वेगाने, न झोपता, न जेवता उतरवायला घेतलं, तर साठ वर्षं लागतील. हजार जणांनी वाटून घेतलं तर बावीस दिवस.